उजव्या पायातला गिअर

गाडी घरी येऊन तीन आठवडे झाले तरी सिग्नल सुटला की माझा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तिथे गिअर नसायचा, ब्रेक असायचा. इकडे क्लच सुटत असायचा, तिकडे ब्रेक लागलेला असायचा. एकशेसाठ किलोचं धूड जागच्या जागी गचका खाऊन बंद पडायचं आणि कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला माझ्या मागची सगळी रांग हॉर्न वाजवायला लागायची.

त्याआधी सोळा वर्षं मी शंभर सीसीची साधी गाडी चालवली. चारही गिअर डाव्या पायाने पुढे दाबायचे, उजव्या पायाखाली ब्रेक. शाळेत जाताना वर्गात काय शिकवायचं याचा विचार करत मी ती चालवायचो. पाय आपलं काम करायचे, त्यांच्याकडे लक्ष द्यावं लागत नसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मी १९९४ सालची बुलेट घेतली आणि दोन्ही पायांना नव्याने शाळेत घालावं लागलं. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात असतो. पहिला वर उचलायचा, बाकीचे तीन खाली दाबायचे. ब्रेक डाव्या पायाखाली.

हे असं उलटं का, याचं उत्तर गाडीच्या जन्मात आहे. इंग्लंडमधल्या गाड्यांचा गिअर उजव्याच पायात असायचा. रेडिचच्या रॉयल एनफील्डने १९५५ मध्ये मद्रासच्या भागीदारांबरोबर इथे कारखाना काढला, तेव्हा बुलेट आली ती आपल्या मूळच्या सवयी घेऊनच. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेने गिअर डाव्या पायातच हवा असा नियम केला आणि बहुतेक जग त्या बाजूला गेलं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांच्या मदतीने ज्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या, त्या सगळ्या डाव्या पायाच्या. येझदीचा तर गिअरचा दांडाच वर उभा केला की किक व्हायचा, तोही डावीकडेच. मद्रासची बुलेट मात्र कितीतरी वर्षं उजवीच राहिली. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या बुलेटवाल्यांना यात काही वेगळं वाटत नसे. दुसरी गाडी हातात आली की त्यांचेच पाय चुकायचे.

गाडी मिळाली गारगोटीला. मालक सरकारी पशुवैद्य, निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झालेली. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि किक मारायला डॉक्टरांनी, म्हणजे माणसांच्या डॉक्टरांनी, सक्त मनाई केली होती. आठ महिने गाडी ओसरीच्या कडेला गोणपाट पांघरून उभी होती. मी गेलो तेव्हा काकूंनी चहा ठेवला. डॉक्टर आत गेले आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं घेऊन आले. आरसी बुक, विम्याची कागदं, पीयूसी. २००९ मध्ये पंधरा वर्षं झाल्यावर केलेलं पासिंग, मग दर पाच वर्षांनी पुन्हा, पर्यावरण कराच्या पावतीसकट. एकही तारीख चुकलेली नव्हती. पंधरा वर्षं उलटली की किती गाड्या कागदांवाचून गावातच फिरत राहतात हे मी पाहिलेलं आहे. ती पिशवी पाहूनच माझं मन ठरलं. इंजिन नंतर ऐकलं.

गाडी नावावर करायच्या टीटी फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० वर, सह्या झाल्या. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. “मधल्या काळात काही झालं तर तुम्हालाही त्रास, मलाही.” पैसे त्यांनी मोजले नाहीत, काकूंकडे दिले. मग एक खुर्ची मागवली, अंगणात टाकली, तिच्यात बसले आणि म्हणाले, “आता किक शिका. ते शिकल्याशिवाय गाडी देत नाही.”

मला वाटलं होतं, किक मारायला काय शिकायचं! डॉक्टरांनी सगळं क्रमाने करवून घेतलं. किल्ली फिरवली की हेडलाइटच्या वरच्या टोपीतल्या ॲमीटरचा, म्हणजे करंट दाखवणाऱ्या मीटरचा, काटा वजाकडे झुकतो. डाव्या हाताशी डीकंप्रेसरची छोटी लिव्हर असते, ती ओढली की सिलिंडरच्या माथ्यावरचा एक बारीक वॉल्व्ह उघडतो आणि आतला दाब निघून जातो. ती ओढून धरायची आणि किक पायाने हळूहळू खाली न्यायची. काट्यावर नजर ठेवायची. काटा मध्यावर आला की थांबायचं. ठिणगी पाडणारे पॉइंट उघडले, पिस्टन वरच्या टोकाशी आला, असा त्याचा अर्थ. आणखी बोटभर पुढे ढकलायचं, लिव्हर सोडायची, किक पूर्ण वर येऊ द्यायची. आणि मग एकच.

“मारायची नाही,” डॉक्टर म्हणाले. “वजन सोडायचं. म्हशीच्या पाठीवर हात ठेवतो ना आपण, थापटत नाही, ठेवतो, तसं. पण अर्ध्यात सोडलंत तर ती लाथ घालणार.”

चौथ्या खेपेला गाडी लागली. तो ठोका ऐकून मला आठवलं आमच्या आजोळचं नदीकाठचं ऑइल इंजिन. वीज येण्याआधी पंचगंगेच्या काठावर मळ्यामळ्यात अशी इंजिनं होती आणि त्यातली कितीतरी कोल्हापुरातच घडलेली. कुणाचं इंजिन चालू आहे हे आजोबा घरात बसून आवाजावरून सांगायचे. डॉक्टर खुर्चीत मान किंचित कलती करून ऐकत होते, तशीच आजोबांची मान असायची.

अंगणात जमलं ते घरी जमेना. पहिल्या आठवड्यात सकाळी सहाला गल्लीत मी काट्याशी झगडत असायचो. काटा मध्यावर यायचा, मी सगळं सांगितल्याप्रमाणे करायचो आणि किक उलटी यायची. एकदा तळपायावर असा दणका बसला की दोन दिवस बूट घालता आला नाही. पिस्टन वर पोचण्याच्या फार आधीच ठिणगी पडली तर इंजिन उलटं फिरू बघतं आणि तो सगळा जोर किकमधून पायात येतो. चूक माझीच आहे असं मी धरून चाललो होतो. पाय अर्ध्यात सुटत असेल, वजन कमी पडत असेल.

शेवटी गाडी उद्यमनगरात नेली. तिथले एक मेस्त्री जुन्या बुलेटचंच काम करतात. त्यांचे वडील ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे, त्यामुळे एका सिलिंडरच्या मशिनची भाषा त्यांच्या घरातलीच आहे. त्यांनी किकला पायही लावला नाही. पॉइंटचं झाकण काढलं, आतली पट्टी उचलली आणि मला जवळ बोलावलं. “सर, हिकडं बघा. ही दोन वजनं हायत न्हवं, इंजिन पळाय लागलं की ही बाहेर फाकत्यात आणि ठिणगी लवकर पडाय लागती. थांबलं की स्प्रिंग त्यास्नी आत ओढती. ही आठ म्हैने उभारून गंजल्यात, फाकलेलीच ऱ्हायल्यात. म्हंजे गाडी उभी हाय, पण तिला वाटतंय ती पळत्या.”

वजनं साफ करून तेल दिलं, स्प्रिंग बदलली. पॉइंटमधली फट मोजून ०.४० मिलिमीटरच्या आतबाहेर लावली. टॅपेट तपासले. झाकण काढून पुशरॉड, म्हणजे वॉल्व्ह उघडणारा दांडा, दोन बोटांत धरून फिरवायचा. गार इंजिनवर तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. त्यांनी माझी बोटं त्या रॉडवर ठेवली आणि म्हणाले, ध्यानात ठेवा, हे मापाच्या पट्टीनं कळत नाही. त्या दिवसापासून किक उलटी आलेली नाही.

आठ महिने उभी राहून गाडीला आपण पळतोय असं वाटत होतं, हे वाक्य मात्र डोक्यातून जाईना. ओसरीवर गोणपाटाखाली उभी असलेली गाडी आणि शेजारी खुर्चीत बसलेले डॉक्टर, दोघं सारखी डोळ्यांसमोर येत राहिली.

सेकंडहँड गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, इंजिन खोललंय का विचारतो, टायर दाबून बघतो. ती कुणाच्या शरीराच्या मापाने झिजली आहे हे घरी आणल्यावर हळूहळू समजतं. नवी गाडी रिकामी असते, तिच्यात आपण आपल्या खोडी भरत जातो. ही भरलेली आली होती. डॉक्टर माझ्याहून चारेक इंचांनी बुटके, त्यांनी हँडल मागे आणि खाली वळवून घेतलं होतं. कळंब्यापर्यंत जातो न जातो तोच माझी मनगटं भरून यायची. सीटच्या स्प्रिंगा डावीकडे बसलेल्या. मला वाटायचं माझंच बसणं चुकतंय, मग लक्षात आलं की मागे उजवीकडे लोखंडी पेटी आहे. औषधांनी भरलेल्या त्या पेटीचा तोल राखायला वर्षानुवर्षं एक माणूस डावीकडे कलून बसत आला होता. पेटी आता रिकामी आहे. स्प्रिंगांना ते माहीत नाही.

गिअरजवळ टाचेशी एक छोटा दांडा असतो, न्यूट्रलचा. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, कुठल्याही गिअरमध्ये असताना क्लच दाबून टाचेने तो खाली दाबला की गाडी थेट न्यूट्रल. फक्त पहिल्यातून तो चालत नाही. या दांड्याचा खालचा भाग झिजून आरशासारखा चकचकीत झाला होता. गिअरच्या दांड्याचं रबर त्या मानाने धड होतं. मला ते उमगलं नाही, फोन करून विचारलं. डॉक्टर म्हणाले, “अहो, गोठ्याच्या दारात गाडी पोचायच्या आत मी न्यूट्रल टाकायचो. गिअर बदलत बदलत थांबायला वेळ कुठे असायचा? म्हैस अडलेली असायची.”

पेटीच्या तळाशी प्लगचा पाना होता, क्लचची एक केबल वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि एक जाड सुती दोरी. धुतलेली, नीट वेटोळं केलेली. आधी वाटलं गाडी बंद पडली तर ओढायला असेल. पण ओढायला ती आखूड आहे. अडलेल्या म्हशीच्या रेडकाचे पाय बांधून ओढायची ती दोरी होती. सोबत एक लांबट वही. प्रत्येक दोन हजार किलोमीटरला ऑइल बदलल्याची नोंद, तारखेसकट, आणि शेजारी बारीक अक्षरात त्या दिवसाचं काम. “ऑइल. कडगाव, म्हैस, रेडकू आडवं, दोन्ही वाचली.” “ऑइल, चेन ताणली. पाटगाव, पाऊस फार.” काही ठिकाणी नुसतं गावाचं नाव आणि पुढे एक रेघ. त्या रेघेचा अर्थ मी विचारला नाही.

ही वही परत देणं माझं काम होतं. मी म्हणालो, तुमची राहून गेली आहे, आणून देतो. ते म्हणाले, “राहून गेली नाही. गाडीची आहे ती. पुढचं पान तुम्ही लिहा.”

डिसेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी मुदाळ तिट्ट्याकडून कोल्हापूरला येत होतो. उसाचा हंगाम सुरू झालेला. बिद्रीच्या अलीकडे एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून चाललेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या शेंड्यांनी झाकलेला. मला तो दिसला तेव्हा मधे वीस-पंचवीस पावलंच उरली होती. सोळा वर्षांच्या सवयीने उजवा पाय जीव खाऊन खाली गेला. तिथे गिअर होता. तिसऱ्याचा चौथा पडला, क्लचशिवाय, खाडकन. इंजिनचा रोध कमी झाला आणि गाडी हातातून सुटल्यासारखी पुढे गेली. उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबला, कसा ते सांगता येत नाही. ट्रॉलीच्या डाव्या कडेने, वाढ्यांना खांदा घासत, मी साइडपट्टीच्या मातीत उतरलो आणि थांबलो. उसाचा ओला गोड वास नाकात बसला होता. तो आजही कुठे आला की उजवी पोटरी ताठ होते.

त्या रात्री घरी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, आडवा रॉड टाकून गिअर डावीकडं घेऊया, पुष्कळ लोक करून घेत्यात. खर्च फार नव्हता. मी हो म्हणणारच होतो. पण त्यांनीच पुढे सांगितलं की जोड वाढले की गिअरमध्ये ढिलेपणा येतो, आणि या गाडीच्या गिअरबॉक्सला तसाही दोन गिअरच्या मधे खोटा न्यूट्रल लागायची, म्हणजे कुठलाच गिअर न पडता मोकळं सुटायची, खोड आहे. चढावर तसं झालं तर? आणि दुसरंही एक होतं. धोका गाडीत नव्हता, माझ्या पायात होता. पाय बदलता येतो का ते आधी बघायचं, नाही जमलं तर रॉड आहेच, असं ठरवलं.

मग शेंडा पार्कच्या मोकळ्या जागेवर मी रोज सकाळी जाऊ लागलो. वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, कारण दमलेला पाय जुनीच गोष्ट करतो. एक दगड ठेवायचा, तिसऱ्या गिअरमध्ये त्याच्या दिशेने यायचं आणि ब्रेक. तोंडाने मोठ्याने म्हणायचं, “हात, डावा. हात, डावा.” आधी पुढचा ब्रेक, लगेच डावा पाय. लहान मुलांना पाढे म्हणायला लावतो तसं. शाळेत मी वीस वर्षं सांगत आलोय की घोकंपट्टीने शिकणं खरं नाही. त्या मैदानावर मला कळलं की शरीराला पाढेच लागतात, समजावून सांगितलेलं त्याला ऐकू येत नाही. पाचव्या दिवशी दगडाऐवजी बायकोला उभं केलं. ती न सांगता मधेच हात वर करायची आणि मी थांबायचं. बाराव्या दिवशी तिने हात वर केला तेव्हा गाडी थांबली होती आणि मी काहीच म्हटलेलं नव्हतं.

त्यानंतर बाकीच्या गोष्टी पटपट जमत गेल्या. हँडलचे क्लॅम्प ढिले करून ते दोन बोटं पुढे घेतलं. सीटच्या स्प्रिंगा बदलल्या. नवी नियमाची नंबरप्लेट आली तशी गारगोटीच्या पेंटरने हाताने रंगवलेली जुनी प्लेट उतरवली. ती भिंतीवर आहे. न्यूट्रलचा दांडा, पेटी, दोरी, यांना हात लावला नाही.

गिअर टाकताना घाई करायची नाही, हेही अंगी लागलं. या इंजिनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९०, लांब आणि सावकाश. आतली चाकं जड आहेत, एकदा फिरायला लागली की फिरत राहतात. क्लच दाबायचा, एक श्वास जाऊ द्यायचा, मग गिअर. तो श्वास दिला नाही की खोटा न्यूट्रल लागतो. ताशी पंचावन्नच्या आसपास ठोके असे लागतात की रस्त्याच्या कडेची झाडं मोजता येतील. त्यापुढे नेलं तर ती जाते, नाही असं नाही, पण हँडलमधून, पायांतून सांगत राहते. मीही पूर्वी जिथे चाळीस मिनिटांत जायचो तिथे आता तास लावतो. शाळेला वीस मिनिटं आधी निघतो.

मार्चमध्ये दोन हजार किलोमीटर पुरे झाले. ऑइल बदललं आणि वहीत लिहिलं. बाजूला काय लिहावं सुचेना, म्हणून ती जागा मोकळी ठेवली आणि रविवारी गारगोटीला गेलो. डॉक्टर गाडीभोवती एक फेरी मारून आले. हँडलकडे बघून म्हणाले, “बरोबर केलंत.” एवढंच. मग काकूंकडे बघितलं. काकूंनी काही न बोलता आतून त्यांचं हेल्मेट आणून दिलं.

ते मागे बसले. एवढ्या वर्षांत या गाडीवर मागे बसायची त्यांची पहिली वेळ. पाटगावच्या रस्त्याला लागलो. बोलत नव्हते. उजवा गुडघा नीट दुमडत नाही म्हणून तो माझ्या मांडीला टेकला होता, आणि थोड्याच वेळात मला जाणवलं की तो मधेमधे हलतोय. मी दुसरा टाकायच्या जरा आधी खाली दबायचा. तिसऱ्याच्या आधी पुन्हा. मागच्या फूटरेस्टवर त्यांचा पाय गिअर टाकत होता.

कडगावच्या पुढे चढ लागला. मी तिसऱ्यातच रेटत होतो. ठोके जड झाले, हँडल थरथरायला लागलं. त्यांचा गुडघा केव्हाच वर सरकला होता, माझा दुसरा नंतर पडला. ते काही म्हणाले नाहीत. पुढे वळण होतं आणि त्याच्या पलीकडे आणखी एक चढ. मी क्लचवर बोटं ठेवली, उजव्या पायाचा अंगठा दांड्याखाली नेला आणि मांडीवरच्या त्या गुडघ्याची वाट बघत राहिलो.